परमुलखातला भाषामास्तर
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी पाठ)



सुरतेत मराठी वक्ता बोलावयास उभा राहिला की तो १६६४ पासून आरंभ करणार, अशी श्रोत्यांची एक ठाम समजूत असते. आज मी ती मोडणार आहे. माझा विषय त्यामानाने फारच साधा आहे. आपला मुलूख सोडून, कोणाच्या तरी अनुदानावर किंवा करारावर, दुसऱ्यांच्या मुलखात भाषा शिकवावयास गेलेला मास्तर हा तो विषय. कार्यवाहांनी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले नसते तर मला हे धाडस झाले नसते. कारण मी स्वतः कोठेच गेलेलो नाही. सुरतेत शिकलो, सुरतेतच शिकवतो. अहमदाबादेस पेपर तपासावयास जाणे हाच माझा परदेशप्रवास.

परंतु माझी एक विद्यार्थिनी गेली होती. ती या सभागृहात बसली आहे आणि नाव घेतलेले तिला रुचणार नाही, म्हणून घेत नाही. तिचे वडील ताप्ती लाईनने खानदेशातून आले आणि लिंबायतेत स्थिरावले; लूमच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. मुलगी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकली, पुढे गुजराती माध्यमात गेली, बी. ए.ला माझ्याकडे मराठीला बसली आणि एम. ए. मात्र इंग्रजी घेऊन झाली. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवीत असताना तिने फुलब्राइटच्या परभाषा अध्यापन-साहाय्यक योजनेसाठी अर्ज केला. निवड झाली आणि नऊ महिन्यांसाठी अमेरिकेतील एका विद्यापीठात ती भाषेची साहाय्यक शिक्षिका म्हणून रुजू झाली. शिकवावयाची भाषा होती हिंदी. म्हणजे पाहा: घरी मराठी आणि तीही खानदेशी वळणाची, शेजारी गुजराती, पदवी इंग्रजीची आणि नेमणूक हिंदीची. सुरतेच्या मराठी माणसाचे इतके अचूक वर्णन मला तरी करता आले नसते.

या योजनेमागची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण पैसा कोठून आला हे कळल्याशिवाय दानाची जात कळत नाही. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या विधेयकावर १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रूमन यांनी सही केली. दुसरे महायुद्ध संपले होते आणि अमेरिकेचे लष्करी साहित्य जगभर पडून होते. ते त्या त्या देशांत विकून येणाऱ्या पैशातून विद्यार्थी व अध्यापक यांची देवघेव करावी, अशी ती कल्पना. युद्धाच्या भंगारातून शिष्यवृत्ती निघाली! भारताशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५० रोजी, पंडित नेहरू आणि राजदूत हेंडरसन यांच्या सह्यांनी. २००८ मध्ये भारत सरकारने निम्मा वाटा उचलण्याचे मान्य केले तेव्हापासून तिच्या नावात नेहरूंचेही नाव आले. या औदार्यात अमेरिकेचा स्वार्थ नव्हता असे समजण्याइतका मी भाबडा नाही. शीतयुद्धाच्या काळात मैत्री जोडण्याचे ते एक साधन होतेच. तथापि पैसा देणाऱ्याचा हेतू आणि पैसा घेऊन गेलेल्या माणसाच्या हातून घडणारे काम यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, आणि हीच या विषयातील मौज आहे.

आपल्याकडे ही चाल अगदीच नवी होती असेही नाही. पेशवाईतील श्रावणमासाची दक्षिणा इंग्रजी अमलात हळूहळू वळवली गेली आणि तिच्यातून पुढे पदवीधरांसाठी 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. शिकता शिकता शिकवावयाचे आणि त्याबद्दल वेतन घ्यावयाचे. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे दोघेही त्या वाटेने गेले. भंगार काय आणि रमणा काय, पैशाला पूर्वजन्म असतोच.

एक गोष्ट ग्रंथालयप्रेमी श्रोत्यांना विशेष सांगण्यासारखी आहे. अमेरिकेने आपल्याला गहू विकला त्याचे मोल रुपयांत घेतले. पी. एल. ४८० हे नाव जुन्या मंडळींना रेशनच्या रांगेमुळे आठवत असेल. त्या रुपयांतील काही भाग येथेच ग्रंथखरेदीवर खर्च करण्यात आला. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाचे दिल्लीतील कार्यालय १९६२ पासून भारतीय भाषांतील नवी पुस्तके घेऊ लागले आणि ती अमेरिकेतील विद्यापीठांकडे रवाना होऊ लागली. त्यांत मराठीही होती. माझी विद्यार्थिनी पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली आणि तेथे मराठी पुस्तकांची भिंतभर रांग पाहून थबकली. तिने मला लिहिले, "सर, इथे जी पुस्तके आहेत ती आपल्या वाचनालयात मी कधी पाहिली नाहीत." हे वाचून मला आनंद झाला की शरम वाटली, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

आता थोडे मागे जाऊ. परदेशी जाऊन, शिकण्याच्या मोबदल्यात शिकवणारी मराठी व्यक्ती म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे पंडिता रमाबाई उभ्या राहतात. १८८२ मध्ये त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले आणि त्याच्या विक्रीतून आलेला पैसा इंग्लंडच्या प्रवासाला उपयोगी पडला. एका मराठी पुस्तकाने बोटीचे भाडे भरले! १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन वाँटेज येथील भगिनींच्या मठात पोचल्या. व्यवस्था अशी ठरली होती की हिंदुस्थानात कामासाठी येणाऱ्या भगिनींना रमाबाईंनी मराठी शिकवावे आणि स्वतः इंग्रजी शिकावे. पुढे १८८४ ते १८८६ या काळात चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावे अशी गोष्ट निघाली, तेव्हा धर्मखात्यातील बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंना ती मान्य नव्हती आणि आपला रोष त्यांनी पत्रांतून लपवला नाही. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळवली, तिने कोणास शिकवावे हे दुसऱ्यांनी ठरवावयाचे. भाषेच्या मदतनिसाच्या नशिबी हा अनुभव सर्वत्र येतो. ज्ञान त्याचे, वर्ग दुसऱ्याचा.

विसाव्या शतकात चित्र पालटले. आता आपली माणसे बाहेर जाऊन इंग्रजीच शिकवू लागली. सम्राट हैले सलासी यांच्या इथिओपियात माध्यमिक शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते आणि शिक्षक पुरेसे नव्हते. हिंदुस्थानातून तेथे मोठ्या संख्येने शिक्षक गेले. त्यांच्यात १९६० साली एक बावीस वर्षांचा मराठी कवी होता, दिलीप चित्रे. आपल्याला त्यांचे अगत्य अधिक, कारण जन्म बडोद्याचा; 'अभिरुची' मासिक ज्या चित्रे घराण्याने बडोद्याहून चालवले त्या घरातले हे चिरंजीव. पहिला कवितासंग्रह त्याच वर्षी निघालेला, आणि कवी निघाला इथिओपियाला इंग्रजीचे तास घ्यावयास. तीन वर्षे काढून १९६३ मध्ये ते मुंबईस परतले. त्या मुलखावरचे 'शिबा राणीच्या शोधात' हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य वाचावे.

मला त्यात गुंतवून ठेवणारा प्रश्न निराळा आहे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मुलांना, ज्याची मातृभाषा इंग्रजी नाही असा मास्तर इंग्रजी शिकवतो, तेव्हा वर्गात नेमके काय घडते? दोघेही त्या भाषेचे पाहुणे. गोऱ्या मास्तराला 'असेच म्हणतात' एवढे सांगून सुटता येते. त्याच्या जिभेला दाखला असतो. आपल्या मास्तराला प्रत्येक वाक्याचे कारण द्यावे लागते, कारण ते त्याने स्वतः कधीतरी घाम गाळून मिळवलेले असते. मी तर म्हणेन की परभाषा शिकवण्यास परभाषिक शिक्षक अनेकदा अधिक लायक असतो. इंग्रजीच्या प्राध्यापक मित्रांना हे पटत नाही. असो.

परत आल्यावर चार वर्षांनी, १९६७ मध्ये, चित्र्यांनी संपादित केलेला १९४५ ते १९६५ या काळातील मराठी कवितेच्या इंग्रजी भाषांतरांचा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे १९९१ मध्ये त्यांनी इंग्रजीत आणलेले तुकोबा 'सेज तुका' या नावाने आले आणि १९९४ मध्ये त्या भाषांतराला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. इथिओपियातील वर्गाचा आणि तुकोबांच्या भाषांतराचा कार्यकारणसंबंध मी लावू इच्छित नाही. तसा तो लागतही नाही. एवढेच नोंदवतो की जो मनुष्य तीन वर्षे रोज सकाळी दुसऱ्यांच्या मुलांना तिसऱ्याची भाषा समजावून देत होता, तो घरी परतल्यावर आपल्या भाषेतील कविता दुसऱ्यांना समजावून देण्याच्या कामास लागला.

दुसरे उदाहरण विलास सारंग यांचे. कारवारला जन्मलेले सारंग इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते १९७४ मध्ये इराकमधील बसरा विद्यापीठात इंग्रजी शिकवावयास गेले व १९७९ पर्यंत तेथे राहिले. 'सोलेदाद' हा त्यांचा कथासंग्रह १९७५ चा, म्हणजे बसऱ्याच्या काळातला, आणि 'एन्कीच्या राज्यात' ही कादंबरी १९८३ ची. एन्की हा सुमेरांचा जलदेव. त्याचे एरिदू हे प्राचीन नगर त्याच दक्षिण इराकमधले. वाळवंटातील विद्यापीठ, हुकूमशाहीचा दबा आणि परक्या भूमीवर एकटा पडलेला मराठी प्राध्यापक. मराठी कादंबरीने इतका दूरचा वर्ग क्वचितच पाहिला असेल. सारंग परतले त्यानंतरच्या वर्षी इराण-इराक युद्ध पेटले आणि बसऱ्याची दैना झाली. ज्या मुलांना त्यांनी इंग्रजी शिकवले त्यांतील किती आघाडीवर गेली असतील, हा विचार ती कादंबरी हाती घेताना माझी पाठ सोडत नाही.

उलट दिशेने आलेल्या एका बाईंचा उल्लेख केला नाही तर हे व्याख्यान लंगडे राहील. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई १९६१ मध्ये हैद्राबादेस इंग्रजीच्या अध्यापिका म्हणून आल्या. आल्या इंग्रजी शिकवण्यास आणि अडकल्या मराठीत. फलटणच्या मराठी बोलीतील सामाजिक भेदांवर प्रबंध लिहून १९७३ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. जाई निंबकरांबरोबर त्यांनी परभाषिकांसाठी मराठीचे व्याकरण व कोश सिद्ध केला. ती पुस्तके १९७५ ची. १९७८ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढून, ज्यांच्या घरात पुस्तक नाही अशा मुलांना मराठी वाचावयास शिकवण्याच्या कामात त्यांनी आयुष्य घातले. फलटणची मराठी मुले मराठी कशी वाचू लागतील, याची चिंता मिशिगनच्या बाईने करावी! आम्ही एम. ए. मराठी मंडळी त्या काळात परीक्षेच्या प्रश्नपत्रिका काढीत होतो.

आता पुन्हा माझ्या विद्यार्थिनीकडे येतो. तिच्या वर्गात वीसेक मुले होती. काही गोरी, बरीचशी हिंदी आईबापांची. आजीशी बोलता यावे म्हणून हिंदी शिकणारी पोरे. त्यांत बारडोलीकडच्या एका पाटीदार कुटुंबातला मुलगा होता. घरी गुजराती ऐकावयाचा, उत्तर इंग्रजीत द्यावयाचा. बाईंना गुजराती येते हे कळल्यावर तो तासानंतर घोटाळू लागला. मुख्य प्राध्यापकांच्या हाताखाली उच्चारांचा सराव घेणे, गृहपाठ तपासणे, संध्याकाळी चहाबरोबर हिंदी गप्पांची बैठक जमवणे ही तिची कामे. शिवाय स्वतः दर सत्रात दोन विषय शिकावयाचे. बर्फ, एकटेपणा, वडिलांची तब्येत यांविषयी तिने फारसे लिहिले नाही. मुलगी खानदेशी आहे.

एके दिवशी एका गोऱ्या मुलाने विचारले, हिंदीत 'मैं गया' आणि 'मैंने किया' असा फरक का? हे तिला पाठ होते. क्रियापद सकर्मक असले आणि काळ भूत असला की कर्त्याला 'ने' लागतो. मुलाचे समाधान झाले, पण त्याने पुढे विचारले, "तुमच्या स्वतःच्या भाषेत कसे म्हणतात?" तिने फळ्यावर लिहिले: मी केले. तू केलेस. त्याने केले. आणि ती थांबली. 'त्याने' मध्ये 'ने' आहे. 'मी' आणि 'तू' मध्ये नाही. जन्मापासून बोलत आलेली भाषा, बी. ए.ला अभ्यासलेली, परंतु हे तिला कधी दिसले नव्हते. रात्री तिने मला लिहिले, "सर, असे का?"

श्रोतेहो, पंचवीसहून अधिक वर्षे मी कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवीत आलो आहे. विभक्तीचे तक्ते फळ्यावर काढून खडू झिजवले. हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता आणि, प्रांजळपणे सांगतो, मीही स्वतःला विचारला नव्हता. तक्त्यात तृतीयेच्या घरात 'मी' लिहिलेले असते, ते आम्ही घोकतो. मग जुने ग्रंथ काढले. जुन्या मराठीत 'म्यां केले', 'त्वां केले' अशी रूपे आहेत. 'म्यां' ही तृतीयाच. तिला 'ने' ची गरज नव्हती. ती झिजून 'मी' मध्ये मिसळून गेली आणि आपल्याला वाटले की प्रत्यय गळला. आणि गंमत पुढेच आहे. आपला गुजराती शेजारी 'हुं गयो' म्हणतो, पण 'में कर्युं' म्हणतो. 'तुं गयो' म्हणतो, पण 'तें कर्युं' म्हणतो. आपण घालवलेले घर त्याने राखले आहे. सुरतेत जन्म काढून, रोज ते 'में' ऐकून, मला त्यात आपला 'म्यां' ऐकू आला नाही. तो ऐकू येण्यासाठी एका अमेरिकन पोराने हिंदीच्या तासाला प्रश्न विचारावा लागला.

हे सारे मला दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी सांगितले असते. मुंबईत १८१४ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने १८३६ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, महाराष्ट्र भाषेचे व्याकरण छापले. इंग्रजी व्याकरण शिकल्यावर आपल्या भाषेकडे त्याच नजरेने पाहून घातलेला तो पाया आहे. पण आज ते मला आठवतात ते आणखी एका कारणाने. हे दादोबा १८४० नंतरच्या दशकात आपल्या सुरतेत होते. येथील सरकारी इंग्रजी शाळेत मास्तर! मुंबईचा मराठी माणूस, गुजराती मुले, विषय इंग्रजी. रेल्वे नव्हती, समुद्रमार्गे यावे लागे. त्या काळच्या हिशेबाने हा परदेशच म्हणावयाचा.

आणि त्यांनी येथे नुसती नोकरी केली नाही. दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांचे मैत्र जुळले. २२ जून १८४४ रोजी सुरतेत 'मानवधर्म सभा' स्थापन झाली. जातिभेद, विधवांचे हाल, भुताखेतांचे थोतांड यांवर उघड बोलणारी ही सभा, आणि तिच्या मुळाशी दोन भाषांचे दोन मास्तर. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर, दामोदरदास; पाचांचीही नावे 'द' ने सुरू होणारी, म्हणून सुरतेत त्यांना 'पाच दद्दा' म्हणत. पैकी एक मराठी होता हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही. दादोबा १८४६ च्या सुमारास मुंबईस परतले, १८४९ मध्ये परमहंस सभा निघाली ती त्यांच्याच पुढाकाराने. म्हणजे मुंबईच्या आधी सुरतेत तालीम झाली होती. पुढे त्यांच्या धाकट्या भावाच्या, डॉ. आत्मारामांच्या, घरी १८७८ मध्ये एक सतरा वर्षांचा बंगाली मुलगा विलायतेस जाण्यापूर्वी इंग्रजी रीतिरिवाज शिकावयास राहिला. त्याला शिकवण्याचे काम आत्मारामांच्या कन्या अन्नपूर्णा यांच्याकडे होते. विद्यार्थ्याचे नाव रवींद्रनाथ. तर्खडकरांच्या घराण्यात भाषा शिकवणे रक्तातच असावे.

आता जे बोलणार आहे ते आश्रयदात्यांना थोडे बोचेल, पण शंभराव्या वर्षी घरच्या माणसांशी स्पष्ट बोलावयास हरकत नसावी.

माझी विद्यार्थिनी नऊ महिन्यांनी परतली. परत येणे हे त्या अनुदानाच्या अटीतच असते. जेथे ती शिकवीत होती तेथे तिचे तास दुसऱ्यास देऊन झाले होते. आज ती एका खासगी वर्गात, कॅनडास जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींना इंग्रजीच्या परीक्षेसाठी तयार करते. पगार वाईट नाही. गेल्या पावसाळ्यात ती कार्यवाहांकडे आली आणि म्हणाली, "रविवारी सकाळी वाचनालयाची मागची खोली रिकामी असते. मराठी मुलांना मराठी शिकवू का?"

आपल्यापैकी पुष्कळांना प्रश्न पडला की मराठी मुलांना मराठी कशाला शिकवावयाचे. मी तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो आहे. मुले रुळांपलीकडून येतात. लिंबायत, डिंडोली, उधना. आपले वाचनालय रुळांच्या अलीकडे आहे आणि शंभर वर्षांत आपण ते रूळ फारसे ओलांडले नाहीत, हे कबूल केले पाहिजे. आपली सभासदसूची चाळून पाहा. जुन्या बिऱ्हाडांची तिसरी पिढी वर्गणी भरते पण पुस्तक नेत नाही. आणि ज्यांच्या घरात अजून मराठी बोलली जाते त्यांना येथे असे काही आहे हे ठाऊक नाही. त्यांची मुले बोलतात मराठी, वाचतात गुजराती, स्वप्ने पाहतात इंग्रजीची. ही तक्रार नव्हे. याच मिश्रणातून ती स्वतः अमेरिकेपर्यंत पोचली.

तिची पद्धत पाहून मला आश्चर्य वाटले. ती मराठी ही परकी भाषा असावी तशी शिकवते आणि मुलांना त्यात अपमान वाटत नाही. मी शिकवले असते तर पहिल्याच तासाला शुद्धलेखन काढले असते. पहिल्या रविवारी चार मुले होती. आता हजेरीपटावर सतरा नावे आहेत.

कार्यकारी मंडळापुढे माझा प्रस्ताव गेले चार महिने पडून आहे. या शताब्दी निधीच्या व्याजातून दरवर्षी एका तरुण शिक्षकास माफक मानधन द्यावे, त्याने वर्षभर रविवारचा वर्ग चालवावा आणि मोबदल्यात वाचनालयाचे दप्तर व ग्रंथसूची लावून द्यावी. हिला मानधन नको आहे; तिच्यानंतर येणाऱ्यास लागेल. निधीतून दर्शनी भागाला संगमरवर लावावा असा दुसरा प्रस्तावही आहे. त्यावर आश्रयदात्यांची नावे कोरली जातील. माझा संगमरवरास विरोध नाही. मात्र व्याज एकदाच खर्च होते.

मागच्या रविवारी एक दहा वर्षांचा मुलगा उशिरा आला. का रे, म्हणून विचारले तर म्हणाला, "आईला खोटं लागलं होतं." मी चटकन म्हणालो, "वाईट वाटलं म्हण, बाळ." तो गप्प झाला. मग बाईंनी फळ्यावर दोन्ही वाक्ये लिहिली, एक गुजरातीचे आणि एक मराठीचे, आणि मुलांना विचारले की आई रुसली तर तुमच्या घरी काय म्हणतात. सतरा मुलांनी पाच निरनिराळी वाक्ये सांगितली. एक अहिराणी होते. ते मला नीट कळले नाही आणि त्या मुलीने ते मला समजावून दिले.

पुढचा वर्ग येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीत भरेल. ज्यांना यावयाचे आहे त्यांनी जरूर यावे. खडू सध्या ती घरून आणते.